गच्चीवर जमतं, कोर्टवर का सुटतं?

पश्चिम नागपुरात राहणाऱ्या, दहावीतल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा: उंची पाच फूट एक इंच. शाळेच्या 17 वर्षांखालील बास्केटबॉल संघात ती पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ जुळवणारी खेळाडू आहे. चार महिन्यांपासून रोज पाऊण तास ती गच्चीवर दादाचा बॉल घेऊन, मोबाइलवर व्हिडिओ लावून ड्रिबलिंग, म्हणजे बॉल हाताने जमिनीवर ठोकत राहण्याचा सराव, करते. क्रॉसओव्हर (समोरून बॉल एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे झटकन नेणं), पायांमधून, पाठीमागून, सगळं जमतं. पण जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेच्या सामन्यात तिच्या हातून तीनदा बॉल गेला, म्हणजे टर्नओव्हर झाला. सरांनी तिला बसवलं आणि ‘तुझं बॉल हँडलिंग कच्चं आहे’ एवढंच म्हणाले. तिला वाटतं, आपले हात लहान आहेत आणि सातवीत सुरुवात केली म्हणजे उशीरच झाला. डावा हात सुधारावा म्हणून ती डाव्या हाताने जेवायला लागली, तर आजी रागावली. बाबा म्हणतात, दहावीचं वर्ष आहे, आता पुरे. ती विचारते: ड्रिबलिंगसाठी मिळतात ते वजनदार ग्लोव्हज घेऊ का? पॉइंट गार्डची जागा सोडू का? की खेळच सोडू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तू एक फार चांगली गोष्ट केली आहेस. तिन्ही वेळा बॉल कसा गेला, ते एकेक करून लिहिलं आहेस. बहुतेक मुलं ‘माझं ड्रिबलिंग खराब आहे’ इतकंच लिहितात आणि मग मला अंदाज बांधत बसावं लागतं. तुझ्या त्या आठ-दहा ओळींत उत्तराचा मोठा भाग आहे, म्हणून हात, उंची, ग्लोव्हज हे सगळं जरा बाजूला ठेवून तिथूनच सुरू करते.

पहिल्यांदा तू उजव्या साइडलाइनच्या बाजूने पळत हाफलाइन ओलांडलीस आणि तिथेच दोघींनी तुला घेरलं. त्या कोपऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आण. उजवीकडे साइडलाइन आहे, पाय पडला की बॉल त्यांचा. मागे हाफलाइन आहे, एकदा ओलांडल्यावर बॉल परत मागे नेता येत नाही. म्हणजे तुला अडवणाऱ्या दोघी नव्हत्या, दोन मुली आणि दोन रेषा मिळून चार होत्या. तिथे जगातला कोणताही क्रॉसओव्हर फारसा कामाला आला नसता. चूक त्या कोपऱ्यात जाण्यात झाली, हातात झाली नाही. तू लिहितेस की हाफलाइन ओलांडायला मिळणारे आठ सेकंद संपतील म्हणून घाई केली. हिशेब करून पाहा. कोर्ट 28 मीटर लांब, म्हणजे आपल्या बास्केटखालच्या रेषेपासून हाफलाइन 14 मीटर. हे अंतर झपझप चाललं तरी आठ सेकंदांत कापता येतं. तू तर पळत होतीस. तेव्हा हाफलाइनच्या दोन-तीन पावलं अलीकडे क्षणभर वेग कमी कर, मान वर करून पलीकडे कोण टपून उभं आहे ते बघ, आणि शक्यतो कोर्टच्या मधल्या पट्ट्यातून पलीकडे जा. मध्ये असलीस की दोन्ही बाजूंना पास द्यायला कुणीतरी असतं.

तिसरा प्रसंग आधी घेते. समोरची मुलगी अंगावर धावून आली, तू दचकून दोन्ही हातांनी बॉल उचललास, आणि मग घाईत मारलेला पास त्यांच्याच हातात गेला. यातही ड्रिबलिंग वाईट नव्हतं, तू ते बंद केलंस हा घोटाळा होता. बॉल उचलला की पुन्हा ड्रिबल करता येत नाही, डबल ड्रिबल होतो. शिवाय ती मीटरभराच्या आत उभी असेल तर बॉल हातावेगळा करायला तुझ्याकडे फक्त पाच सेकंद. ती तुझ्या हातातून बॉल काढायला धावलीच नव्हती, तू तो उचलावास म्हणून धावली होती. हे जवळपास प्रत्येक नवीन गार्डचं होतं. माझंही व्हायचं. यावरचा उपाय साधा आहे पण अंगवळणी पडायला वेळ लागतो: कुणाला द्यायचा ते दिसल्याशिवाय बॉल उचलायचा नाही. कुणी अंगावर आलं तर चेहरा तिच्याकडेच ठेवून, बॉल मागच्या पायाजवळ ठोकत दोन ड्रिबल मागे सरकायचं. त्या दोन ड्रिबलमध्ये तिचा झपाटा संपतो आणि तुला मैदान दिसायला लागतं. तू पाहतेस त्या व्हिडिओंमध्ये मागे सरकणं बहुधा नसेल, कारण ते दिसायला काही खास नसतं. मी मात्र प्रत्येक मुलीला हेच सगळ्यात आधी शिकवते.

आता दुसरा प्रसंग. उजवीकडून डावीकडे क्रॉसओव्हर मारताना बॉल स्वतःच्याच पायावर आपटून बाहेर गेला. हा मात्र खरोखर हाताचा, आणि त्याहून जास्त पायाचा दोष आहे. क्रॉसओव्हरमध्ये उजव्या पायाने जमीन रेटायची, बॉल गुडघ्याहून कमी उंचीवरून डावीकडे ढकलायचा आणि डावा पाय बॉलबरोबर बाहेरच्या बाजूला पडला पाहिजे. तुझा पाय आधी सरळ पुढे पडला असणार आणि बॉल कमरेइतक्या उंचीवरून तिरका आला असणार. मग त्यांची गाठ पडणारच. डावा हात आधीच खाली, गुडघ्याजवळ, बॉलची वाट पाहत असायला हवा. तो वर राहिला तर बॉलला त्याच्यापर्यंत चढत यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात समोरचीचा हात मध्ये येतो. आरशासमोर, बॉलशिवाय, फक्त पाय आणि हात असे वीस वेळा करून बघ. मग बॉल घे.

म्हणजे तीनपैकी एकदाच हात चुकला. सरांचं ‘बॉल हँडलिंग कच्चं आहे’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यात नजर, जागा, घाई, भीती, सगळं एका गाठोड्यात बांधलं गेलं, आणि तू ते गाठोडं थेट तळहाताच्या मापावर नेऊन ठेवलंस.

हाताच्या मापाचं सांगते. एका हाताच्या पकडीत बॉल धरता येणं आणि ड्रिबल करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रिबलमध्ये बॉल हातावर विसावला की नियमानेच ड्रिबल संपतो. मग पकडीचा उपयोग काय? बॉलला लागतात ती बोटांची पेरं आणि त्यांच्या मुळाशी असलेला मांसल भाग. तळहाताची खोलगट जागा बॉलपासून दूरच राहते. बोटं पसरून, मनगट सैल ठेवून बॉल खाली ढकलायचा असतो. आवाजावरूनही कळतं. चापट मारल्यासारखा ‘फट्’ आवाज आला तर तळहात लागतोय. पाच फूट तीन इंच उंचीचे मग्सी बोग्स 1987 पासून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये 14 हंगाम पॉइंट गार्ड म्हणून खेळले. त्यांच्या अंगावर दीड-दीड फुटांनी उंच माणसं येत. तुझी उंची पासच्या वेळी नडेल, शॉटच्या वेळी नडेल, ते मी लपवत नाही. पण ड्रिबलमध्ये ती तुझ्या बाजूने आहे. तुझा हात जमिनीच्या जवळ आहे, बॉल लवकर परत येतो, आणि तो काढायला उंच मुलीला वाकावं लागतं.

उशीर झाला हेही मला पटत नाही. सातवी ते दहावी ही तीन वर्षं झाली. त्या तीन वर्षांत डाव्या हाताला किती काम दिलंस, हे स्वतःला विचार. आणि आजीचं ऐक. डाव्या हाताने जेवल्याने घास उचलायला शिकशील, ड्रिबल नाही. कौशल्य असं एका कामातून दुसऱ्यात फारसं उडी मारत नाही. डाव्या हाताला जे करायचं आहे तेच त्याच्याकडून करून घ्यावं लागतं.

इथे थोडी जुनी गोष्ट सांगते, कारण तुझ्या गच्चीवरच्या सरावाशी तिचा संबंध आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला तेव्हा ड्रिबलिंग नव्हतंच. त्यांच्या 13 नियमांनुसार जिथे बॉल पकडला तिथूनच तो फेकायचा, घेऊन पळायचं नाही. मग घेरलेला खेळाडू, पास द्यायला कुणी दिसेना की, बॉल आपल्याच हाताने जमिनीवर सोडायचा किंवा घरंगळत द्यायचा आणि धावून पुन्हा पकडायचा. त्यातून ड्रिबल आला. तो जन्मलाच अडचणीतून सुटण्यासाठी. तुझ्या गच्चीवर अडचणच नाही. व्हिडिओतला माणूस सांगतो, आता उजवा, आता डावा, आता मधून. पुढची चाल तुला आधीच माहीत असते. कोर्टवर ती कुणी सांगत नाही, समोरच्या मुलीच्या खांद्यावरून आणि पायावरून वाचावी लागते. चार महिन्यांत तू उत्तरं पाठ केलीस, पण प्रश्न वाचायचा सराव झालाच नाही. दहावीत आहेस, फरक लगेच कळेल.

म्हणून पाऊण तास नको, पंचवीस मिनिटं पुरेत. पण ती अशी घालव. पहिली सात-आठ मिनिटं फक्त डावा हात. गुडघे वाकवून, एक पाय पुढे, बॉल शरीराच्या पुढे न ठोकता मागच्या पायाच्या बाजूला, उजवा हात कोपरात वाकवून ढालीसारखा समोर. त्या हाताने ढकलायचं नाही, फाउल होतो, नुसतं अंतर राखायचं. थोडा वेळ नडगीच्या उंचीवर, थोडा वेळ गुडघ्याच्या, थोडा वेळ कमरेच्या. जोरात ठोक. हळू ठोकलेला बॉल हाताबाहेर जास्त वेळ राहतो, आणि हाताबाहेर असतो तोवर तो कुणाचाही असतो.

पुढची पाच मिनिटं डोळ्यांसाठी. धाकटा भाऊ सहावीत आहे म्हणतेस, त्याला पाण्याच्या टाकीजवळ उभं कर. तो बोटं दाखवेल, तू आकडा मोठ्याने सांगायचा. तो मध्येच बोटं बदलेल, इकडून तिकडे जाईल. आकडा चुकला की तुझे पाच उठाबशा, बॉल सुटला की तुझेच पाच. त्याला फार मजा येईल. तो नसेल तेव्हा टेनिस बॉल घे: डाव्याने ड्रिबल, उजव्याने टेनिस बॉल डोक्याइतका उडवून झेलायचा. टेनिस बॉल पाहायचा तर खाली बघताच येत नाही. मी तुझ्या वयाची असताना नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या अंगणात फरशीवर ड्रिबलिंग करायचे आणि नजर सारखी पायाकडे. आमच्या संघातली एक मोठी मुलगी यायची, हनुवटीखाली हात घालून माझी मान वर करायची आणि म्हणायची, “खाली काय पाहून रायली वं? बॉल काही पळून नाही जात!” ते अजून कानात आहे.

उरलेला सगळा वेळ झटापटीसाठी ठेव. गच्चीवर खडूने तीन पावलं बाय तीन पावलं असा चौकोन आख. त्यात तू आणि भाऊ, किंवा शेजारची कुणी मैत्रीण. तू ड्रिबल चालू ठेवायचा, त्याने बॉलला हात लावायचा. तीस सेकंद टिकलीस तर तुला गुण, नाहीतर त्याला. मग फक्त डावा हात. मग बॉल न उचलता मागे सरकणं सक्तीचं. आठवड्यातून एकदा दोघांना तुझ्यावर सोड. इथे बॉल सुटेल, खूप सुटेल. व्हिडिओसमोर सफाईने चालणारं सगळं इथे विस्कटेल आणि तुला वाटेल आपण मागे गेलो. तसं वाटलं तरी थांबू नकोस. बदलत्या, अडखळत्या सरावात चुका जास्त होतात, पण शिकलेलं जास्त टिकतं. दहा मिनिटांत एकदाही बॉल सुटला नाही, तर चौकोन लहान कर.

रविवारी सकाळी मात्र गच्ची सोडून खऱ्या कोर्टवर जा. आपल्याकडे बहुतेक कोर्ट उघडे, सिमेंटचे, आणि वर बारीक धूळ. धुळीने बॉल निसटतो, पाय सरकतो. खेळण्याआधी बॉल ओल्या फडक्याने पुसायचा आणि मधूनमधून तळहातही, ही सवय लावून घे. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ असेल तर अजिबात खेळू नकोस. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा दिवस कलल्यावर. मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो आणि गच्चीची जमीन रात्री आठलाही बुटातून चटका देते. दुपारी खाली कुणी झोपलेलं असेल तर त्या डोक्यावरच्या धपधपीचाही विचार कर.

ग्लोव्हज घेऊ नकोस. ड्रिबलिंगमध्ये बोटांना बॉल जाणवणं महत्त्वाचं, आणि तेच ते झाकतात. पैसे खर्च करायचेच असतील तर सहा नंबरचा बॉल घे. पत्रातली ही एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली: तू दादाच्या बॉलने सराव करतेस. दादाचा बॉल सात नंबरचा असणार, घेर 76 सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन 600 ग्रॅमच्या जवळपास. तुमच्या सामन्यात सहा नंबर असतो, घेर साधारण 72 आणि वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चार महिने तू एका बॉलची सवय केलीस आणि सामना दुसऱ्याने खेळलीस. हात लहान वाटण्याचं एक कारण इथेही असेल. उघड्या सिमेंटसाठी साधा रबराचा बॉल उत्तम. मनीषनगरच्या एका बाबांनीही नऊ वर्षांच्या मुलासाठी असाच प्रश्न पाठवला आहे. त्यांना सांगते: पाच नंबरचा बॉल द्या, कवायती नकोत, ड्रिबल करत पकडापकडी खेळू द्या. आणि चाळिशीत पुन्हा कोर्टवर उतरलेल्या ज्या वाचकांनी लिहिलं, त्यांच्यासाठी वर सांगितलेलं सगळं तसंच लागू आहे, फक्त आधी दहा मिनिटं पोटऱ्या आणि घोटे मोकळे करून घ्या.

पॉइंट गार्डची जागा सोडू का, हे तू भीतीतून विचारते आहेस असं मला वाटतं. एका सामन्यावरून हे ठरवू नकोस. पण हीच जागा हवी असाही हट्ट धरू नकोस. सरांनी काही सामने दुसऱ्या गार्डबरोबर बाजूला खेळवलं तर खेळ. तिथे बॉल कमी वेळ हातात असतो आणि पाहायला जास्त वेळ मिळतो. बेंचवर बसशील तेव्हा वही घेऊन बस. समोरची गार्ड कोणत्या हाताने जाते, दाबली की काय करते, बॉल कधी उचलते, एवढंच लिही. दोन सामन्यांत तुला दिसायला लागेल की चांगल्या गार्ड किती कमी ड्रिबल मारतात.

सरांशी बोल. ‘मला का काढलं’ असं विचारू नकोस, त्याने बोलणं तिथेच संपेल. असं म्हण: “सर, माझे तीन टर्नओव्हर असे झाले. यातला आधी कोणता दुरुस्त करू? आणि सरावात पाच मिनिटं मला दोघींविरुद्ध बॉल पुढे न्यायला द्याल का?” ज्या मुलीला स्वतःची चूक नेमकी सांगता येते, तिला वेळ द्यावासा वाटतो. मी इतकी वर्षं मुलींना शिकवते आहे, हे मनापासून सांगते.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांना पाऊण तासाच्या जागी पंचवीस मिनिटं दाखव, संध्याकाळची ठरलेली वेळ दाखव, आणि पूर्वपरीक्षेच्या आठवड्यांत सराव दहा मिनिटांवर आणेन असं आधीच सांग. ते दहा मिनिटं डाव्या हाताचे. खेळाडूंना बोर्डाचे सवलतीचे गुण मिळतात, त्याच्या अटी शाळेत विचारून घे, पण बाबांना पटवताना ते पुढे करू नकोस. ते मिळाले नाहीत तर तुझा खेळ वाया गेला असं घरात ठरेल. मला विचारशील तर दहावीत दिवसातली पंचवीस मिनिटं घाम गाळणारी मुलगी अभ्यासालाही ताजी बसते. बाबांना एकदा गच्चीवर बोलाव आणि त्यांनाच त्या चौकोनात तुझा बॉल काढायला सांग.

एक बारीकशी गोष्ट राहिली. सराव सुरू करायच्या आधी बॉलमधली हवा बघत जा. कपाळाच्या उंचीवरून बॉल नुसता सोड, साधारण कमरेपर्यंत यायला हवा. डिसेंबरच्या गार सकाळी हवा आकसते आणि कालचाच बॉल आज मेलेला वाटतो, उन्हात राहिला तर उलट टणक होतो. भरायची असेल तेव्हा सुई आधी पाण्यात बुडवून ओली कर आणि हळूच सरळ घाल. कोरडी सुई खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो.